साडेपाच तासांचा फरक

दुधाचा हिशोब जुळत नव्हता. पुण्यात सकाळी घरपोच दूध देणारं एक ॲप होतं आणि मी त्याची प्रॉडक्ट मॅनेजर होते. लोक दिवसभरात केव्हाही दूध वाढवायचे, कमी करायचे, रद्द करायचे. हे बदल डेपोतल्या वहीत तारीखवार उतरवले जायचे आणि आमच्या रिपोर्टमध्येही यायचे. वही एक आकडा सांगायची, रिपोर्ट दुसरा. फरक मोठा नसायचा, पण रोज असायचा, आणि एक तारखेला महिन्याचं बिल काढताना त्यावरून हमखास वाजायचं. डेपोतली पोरं वहीत घोळ घालतात, हे ऑफिसातलं सर्वमान्य मत. डेपोच्या सुपरवायझरचं मत अर्थातच उलटं होतं. "मॅडम, क्रेट मी मोजून देतो. तुमच्या कॉम्प्युटरला मोजायला शिकवा."

एका गुरुवारी दुपारच्या दोन मीटिंग अचानक रद्द झाल्या. मला एसक्यूएल जेमतेम यायचं, पण डेटाबेस नुसता बघायची परवानगी मी कधीतरी मागून घेतली होती. त्या महिन्यातले न जुळणारे सगळे बदल एकाखाली एक काढले आणि वेळेच्या रकान्याकडे बघत बसले. सगळे संध्याकाळी साडेसहा ते रात्री बारा यांमधले. साडेसहाच्या आधीचा एकही नाही. साडेसहाच का? मग यादीत माझंच खातं दिसलं. आदल्या आठवड्यात घरी पाहुणे आले होते म्हणून मी एक लिटर वाढवलं होतं. कधी, ते मला पक्कं आठवत होतं, कारण पहाटे पाचला त्यांना घ्यायला स्टेशनवर निघताना चप्पल घालता घालता ते बटण दाबलं होतं. यादीत त्याची वेळ होती आदल्या रात्रीचे साडेअकरा.

शेजारी बसणाऱ्या सीनियर डेव्हलपरला स्क्रीन दाखवली. त्याने तीन सेकंद बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, यूटीसी!"

सर्व्हर जगभराच्या प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत, नोंद ठेवतो. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत जे घडतं, ते सर्व्हरच्या लेखी अजून कालच घडत असतं. रिपोर्ट लिहिणाऱ्याने तारीख काढताना हा फरक मिळवायचा राहिला होता, बस. इतर कुठल्या धंद्यात हे वर्षानुवर्षं खपून गेलं असतं, कारण पहाटे कोण काय विकत घेतं? दुधाच्या धंद्यात खपलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नऊ वर्षं प्रॉडक्टमध्ये काढली होती, रोडमॅप केले होते, रिलीज केले होते, टाळ्याही मिळाल्या होत्या, पण 'हे मी शोधलं' असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल अशी गोष्ट फार दिवसांनी हाताला लागली होती. पहाटे केव्हातरी मी ठरवून टाकलं की प्रॉडक्ट मॅनेजरकी बास झाली, आता तांत्रिक कामात जायचं.

पुढे मी गेलेही. पण त्या रात्रीचा निर्णय चुकीचा होता, असं मला आज वाटतं. उत्तर बरोबर आलं, पण गणित चुकलेलं होतं. कारण मी त्या कामाचा सगळ्यात गोड तास चाखून पूर्ण ताट मागवलं होतं.

ती चूक सापडली गुरुवारी, आणि दुरुस्त व्हायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत सीनियर डेव्हलपरने काय केलं ते मी तेव्हा नीट पाहिलंही नाही, नंतर विचारून घेतलं. तारीख काढणारी ती ओळ कोडमध्ये एका जागी नव्हती, चौदा जागी होती. त्यातल्या तीन जागी कुणीतरी आधीच साडेपाच तास मिळवलेले होते, म्हणजे तिथे पुन्हा हात लावला असता तर फरक अकरा तासांचा झाला असता. रात्री बाराला म्हणून लावलेलं एक आपोआप चालणारं काम प्रत्यक्षात सकाळी साडेपाचला चालत होतं आणि त्या उशिरावर दुसरं एक काम विसंबून होतं. मागच्या महिन्यांचे रिपोर्ट अकाउंट्सने आधीच वापरले होते, त्यामुळे जुने आकडे बदलायचे की तसेच ठेवून खाली टीप द्यायची, यावर दोन दिवस गेले. मग चाचण्या, मग दुसऱ्या डेव्हलपरने केलेली तपासणी, त्यात निघालेले नऊ शेरे, ते निस्तरणं. यात 'सापडलं!' असा एकही क्षण नव्हता. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र अकराही दिवस तीच शांती होती. स्वेटर विणणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असते तशी.

प्रॉडक्ट सोडून तांत्रिक कामात जावं का, हा प्रश्न पडलेल्या प्रत्येकाला मी आता एकच विचारते. तो गुरुवार तुला आवडेलच, तो कुणालाही आवडतो. ते अकरा दिवस आवडतील का?

*

प्रॉडक्ट मॅनेजरचं काम सोडावंसं इतक्या जणांना का वाटतं, हे कळायला ते जन्मलं कसं ते बघावं लागतं. आणि ते जन्मलं साबणाच्या कारखान्यात.

13 मे 1931 रोजी अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीतल्या नील मॅकएलरॉय या तरुण नोकरदाराने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. त्याच्याकडे कॅमे साबणाच्या जाहिराती होत्या आणि कॅमेची गाठ होती कंपनीच्याच दुसऱ्या, दादा साबणाशी, आयव्हरीशी. त्याला माणसं वाढवून हवी होती. ती मागताना त्याने मांडलं की प्रत्येक ब्रँडला त्याचा स्वतःचा माणूस हवा. त्याने विक्रीचे आकडे बघावेत, माल कुठे खपत नाही ते हुडकावं, तिथे जाऊन कारण शोधावं, उपाय सुचवावा आणि तो अमलात येतोय की नाही याचा पिच्छा पुरवावा. या माणसाच्या हाताखाली कारखाना नाही, विक्रेते नाहीत. तरी साबण खपला नाही तर पहिला प्रश्न त्यालाच. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार शून्य, हे या कामाचं मूळ रूप तेव्हाच ठरलं. आजही प्रॉडक्ट मॅनेजर रात्री जागून ज्याबद्दल कुरकुरतो ते हेच.

मॅकएलरॉय पुढे त्या कंपनीचा प्रमुख झाला आणि 1957 मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री. सोव्हिएत युनियनचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेल्यानंतर पाचच दिवसांनी त्याने शपथ घेतली. त्याच्याच कारकिर्दीत, 1958 साली, 'आर्पा' ही संशोधन संस्था स्थापन झाली, जिच्या पैशावर 1969 मध्ये आर्पानेट सुरू झालं, म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. ब्रँडवाल्यांचा मूळपुरुष आणि इंटरनेटचा एक आश्रयदाता एकच, ही गंमत मला फार आवडते. एकाच माणसाच्या घरातून निघालेल्या दोन वाटा, आणि आपण या वाटेवरून त्या वाटेकडे बघत उसासे टाकतो.

सॉफ्टवेअरमध्ये या कामाने निरनिराळे वेश घेतले. मायक्रोसॉफ्टमध्ये 1980 च्या दशकात मॅकिंटॉशसाठी एक्सेल बनत असताना जेब ब्लुमेंथाल प्रोग्रामर आणि बाकी जग यांच्या मधे उभा राहिला, आणि त्यातून तिथली 'प्रोग्रॅम मॅनेजर' ही जात निघाली. नेटस्केपमध्ये असताना बेन हॉरोविट्झने चांगला प्रॉडक्ट मॅनेजर कोण आणि वाईट कोण, याचं एक टिपण लिहिलं. त्यातली 'प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे त्या प्रॉडक्टचा सीईओ' ही कल्पना इतकी पसरली की आमच्या पिढीने ती मुलाखतीत पाठ म्हटली. गूगलमध्ये 2002 साली मॅरिसा मेयरने ताज्या पदवीधरांना थेट या कामात घेण्याची योजना सुरू केली. त्यांना अट ही की कॉम्प्युटर सायन्स यायला हवं. आणि मग जून 2023 मध्ये एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्कीने डिझायनरांच्या भर सभेत सांगितलं, की आमच्याकडे आता पूर्वीच्या अर्थाने प्रॉडक्ट मॅनेजर नाहीत, ते काम आम्ही मार्केटिंगशी जोडून टाकलं. सभेने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून जगभरचे कितीतरी प्रॉडक्ट मॅनेजर त्या दिवशी आरशासमोर उभे राहिले असतील. मी राहिले.

सीईओवाल्या कल्पनेने नुकसान केलं ते असं. सीईओला कुणालातरी काढता येतं, पगार वाढवता येतो, पैसे दुसरीकडे वळवता येतात. प्रॉडक्ट मॅनेजरला फक्त मीटिंग लावता येते. मुलाखतीत राज्याभिषेक आणि सोमवारी सकाळी 'जिरा' सॉफ्टवेअरमधली कामाची तिकिटं, या दोहोंमधल्या दरीत बरेच जण पडतात आणि पडल्या जागेवरून त्यांना वाटतं की कोड लिहिणारे सुखी आहेत.

*

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तो हिंजवडीत कमी आणि घरात जास्त सापडतो.

इथल्या बहुतेक प्रॉडक्ट मॅनेजरांची वाट ठरलेली असते. आधी इंजिनीअरिंग, मग एखाद्या सर्व्हिस कंपनीत तीन-चार वर्षं कोडिंग, मग कॅट, मग कर्ज काढून एमबीए, मग प्रॉडक्ट. सर्व्हिस कंपन्यांची रचना पिरॅमिडची. तळाला कोड लिहिणारी पुष्कळ पोरं आणि वर त्यांना सांभाळणारे थोडे. त्यामुळे वर चढणं म्हणजे कोड सुटणं, असं समीकरण दोन पिढ्यांच्या डोक्यात बसलंय. आयबीएमने 1962 मध्येच 'फेलो' हे पद काढलं होतं, ज्यामुळे उत्तम तंत्रज्ञाला मोठं होण्यासाठी मॅनेजर व्हावं लागत नव्हतं. आज मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांत दोन वेगळ्या शिड्या असतात आणि तांत्रिक शिडीच्या वरच्या पायरीवरच्या माणसाचा पगार पाहून मॅनेजरांना घाम फुटतो. पण हे कोथरूडच्या दिवाणखान्यात कुणी सांगायचं?

मी सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. "अगं, मॅनेजर होतीस ना तू? मग आता परत कुणाच्या हाताखाली?" त्यांनी सरकारी खात्यात छत्तीस वर्षं काढली. तिथे हाताखाली जाणं याला एकच नाव आहे. आईची चिंता निराळी होती: मावशीला काय सांगायचं. सासूबाईंनी एकच व्यवहारी प्रश्न विचारला, तो सगळ्यात चांगला होता. "पगार तोच राहील का?"

बाबांचं म्हणणं मी हसून सोडलं नाही, कारण तेच माझ्याही आत बसलेलं होतं, फक्त जरा शहरी भाषेत. एमबीएचं काय? नऊ वर्षांचं काय? याला उत्तर देणारा एक छान प्रयोग आहे. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लुमर या दोघांनी 1985 साली तो प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठात नाटकांच्या मोसमी तिकिटांसाठी आलेल्या काही लोकांना पूर्ण दरात तिकीट दिलं, काहींना सवलतीत. कुणाला काय मिळेल हे नशिबावर. नाटकं तीच. तरी मोसमाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. दिलेले पैसे गेले ते गेलेच, नाटकाला जा किंवा जाऊ नका, पण मन ते मानत नाही. दुसऱ्या अंकात नाटक पडलंय हे उघड दिसत असूनही तिकिटाचे पैसे वसूल करायला बालगंधर्वच्या खुर्चीत बसून राहिलेला माणूस मी घरातच पाहिलाय. एमबीएचं कर्ज फिटलं होतं. मी मात्र अजून हप्ते भरत होते.

*

सोडायचं ठरवण्याआधी आपण नेमकं काय सोडतोय, हे वेगळं काढावं लागतं. इथे बहुतेकांची गल्लत होते. कंटाळा साहेबाचा असतो आणि राजीनामा आपण पेशाचा देतो. माझी एक मैत्रीण अशीच निघाली होती. सहा महिने रोज रात्री पायथन शिकली. मग तिची बदली दुसऱ्या टीममध्ये झाली, तिथला साहेब बरा निघाला आणि पायथन तिथेच राहिलं. तिला तांत्रिक काम नको होतं, माणसासारखं वागवणारं कुणीतरी हवं होतं.

दुसरा कंटाळा तुकड्यांचा. पॉल ग्रॅहम या प्रोग्रामर-लेखकाने 2009 मध्ये यावर एक लेख लिहिला. मॅनेजरचा दिवस तासातासाच्या कप्प्यांचा असतो, काहीतरी बनवणाऱ्या माणसाला सलग अर्धा दिवस लागतो, आणि मधली एक मीटिंगसुद्धा त्याची पूर्ण दुपार खाते. माझ्या कॅलेंडरवर त्या काळी सलग पाऊण तास शोधून सापडायचा नाही. हा कंटाळा खरा आहे. पण त्यावरचा उपाय कधीकधी कॅलेंडरमध्येच असतो, करिअरमध्ये नसतो. मी दोन महिने बुधवार पूर्ण मोकळा ठेवून पाहिला. आकाश कोसळलं नाही.

तिसरा कंटाळा उरला तेव्हा मात्र मला तो ओळखू आला. दिवसाच्या शेवटी हातात काही उरत नाही, सगळं दुसऱ्यांच्या हातून झालेलं, आपण फक्त समजावलं, मनवलं, आठवण केली. काही लोकांना यातच रस असतो. माणसांचा गुंता सोडवताना त्यांचे डोळे चमकतात, आणि तेच खरे प्रॉडक्ट मॅनेजर. मला त्या गुंत्यातून सुटल्यावर बरं वाटायचं, सोडवताना नाही. बुधवार मोकळा मिळूनही हा कंटाळा गेला नाही.

मग प्रश्न आला, जायचं कुठे. 'टेक्निकल' हा शब्द बाहेरून एक गाव वाटतो, आत गेल्यावर तो तालुका निघतो. आणि त्यातली वाडी निवडताना, मघाशी म्हटलं तसं, तिथली जत्रा बघू नये, तिथला आषाढ बघावा. बॅकएंडचा आषाढ म्हणजे वरचे ते अकरा दिवस. फ्रंटएंडचा म्हणजे स्वस्तातल्या पाच फोनांवर तेच बटण पाच ठिकाणी सरकतं, ते एका रेषेत आणणं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा म्हणजे रात्री तीनला वाजणारा फोन आणि डोळे चोळत वाचायचे लॉग. मशीन लर्निंगची हवा मोठी, पण त्यातला मोठा वेळ डेटा निवडण्यात जातो, तांदूळ निवडावेत तसा, खडा काढत काढत. डेटा इंजिनीअरिंगचा आषाढ असा, की कुणीतरी कुठेतरी एका रकान्याचं नाव न सांगता बदलतं आणि पहाटे तुमच्या दहा पाइपलाइन एकामागून एक आडव्या पडतात. हे सगळं ऐकून मला कशाची ओढ वाटली, तर शेवटच्याची. का ते सांगता येणार नाही. लहानपणी आजीच्या फडताळातले डबे मी विनाकारण लावत बसायचे, एवढंच आठवतं.

शिकायचं कसं, यावर मी फार लिहिणार नाही. पुण्यात सीडॅकचा सहा महिन्यांचा 'डॅक' हा कोर्स आहे, पण तो ताज्या इंजिनीअरला जास्त सोयीचा. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी 2020 पासून आहे आणि तिथे नोकरी करणारे बरेच जण शिकतात. एनपीटीईएलवर उत्तम व्याख्यानं फुकट आहेत. हे सगळं चांगलंच आहे. पण माझं निरीक्षण असं की कोर्स लावणं हा निर्णय पुढे ढकलण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे. घरचेही खूश असतात, कारण पोरगी अभ्यास करते.

हर्मिनिया इबारा या अभ्यासिकेने कारकिर्दीच्या मध्यावर पेशा बदलणाऱ्यांवर 2003 साली एक पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा: आपण समजतो की आधी स्वतःला ओळखावं, मग पाऊल टाकावं. प्रत्यक्षात पेशा बदलणारे उलटं करतात. आधी छोटी छोटी पावलं टाकतात आणि त्यातून आपण कोण हे त्यांना कळत जातं. मी हे पुस्तक उशिरा वाचलं, पण नकळत केलं तेच. डेटा टीमच्या लीडला गाठलं आणि म्हटलं, तुमच्याकडचं सगळ्यात कंटाळवाणं काम मला द्या, जे कुणी उचलत नाही ते. तो आधी हसला. मग त्याने खरंच दिलं: पत्त्यांमधले पिनकोड. हजारो पत्ते, त्यात पिनकोड कधी पाच आकडी, कधी मधे जागा सोडून, कधी मराठी आकड्यांत, कधी 'जुनाच पिनकोड' असे शब्द. माझं रोजचं काम सांभाळून सहा आठवडे मी ते केलं. पहिला आठवडा भयंकर गेला. माझा कोड तपासणाऱ्या पंचविशीतल्या मुलाने पहिल्याच खेपेला सतरा शेरे मारले आणि त्यातला एक होता, 'हे असं का?' एवढाच. नऊ वर्षांत मला लेखी असं कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी मान वर केली तर चार वाजले होते आणि चहा तसाच होता, साय धरलेला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की गुरुवारची रात्र फसवी नसावी.

*

असं असूनही मी आणखी पाच महिने घेतले. शेवटच्या क्षणी हात कापतात ते खरंच.

अशा हात कापणाऱ्या लोकांवर स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाने एक अफलातून प्रयोग केला. एका वेबसाइटवर लोकांना बोलावलं: नोकरी सोडू का, लग्न मोडू का, असा कुठलाही अडलेला प्रश्न आणा, आम्ही तुमच्यासाठी नाणं उडवतो. वीस हजारांहून जास्त नाणी उडाली, आणि पुष्कळांनी खरंच नाण्याचं ऐकलं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा, मोठ्या निर्णयांत, बदल केलेले लोक तसेच राहिलेल्यांपेक्षा जास्त सुखी निघाले. हे वाचून उद्या राजीनामा द्यायला जाऊ नका. आयुष्याचा प्रश्न घेऊन जो नाणं उडवायला येतो, तो आधीच अर्धा निघालेला असतो. समाधानी माणूस त्या वेबसाइटवर येतच नाही. पण तुम्ही वर्षभर याच प्रश्नाभोवती घुटमळत असाल, तर तुम्हीही अर्धे निघालेलेच आहात. मग लेव्हिटचा निष्कर्ष तुम्हाला लागू पडतो.

मी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मांडलं. घराचा हप्ता, मुलाची शाळा, आईबाबांच्या औषधांचा माझ्याकडे असलेला खर्च, आणि कमी पगारात किती महिने निभेल ते. बाहेर नोकरी शोधायची तर माझा बायोडेटा पाहून एचआर 'टेक्निकल नाही' म्हणून बाजूला ठेवणार, आणि तिथून निभावलं तरी नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. म्हणून मी आतल्या आत बदली मागितली. ज्याला कुणाला हे करायचंय, त्याला मी हेच सांगेन: जिथे तुमचं नाव आहे तिथेच कामं बदला, कंपनी मागाहून बदलता येते. पगार तोच राहिला, पण दोन वर्षं वाढ नाही आणि पदनामातून 'सीनियर' गेलं. सासूबाई म्हणाल्या, "चालेल की."

दरम्यान जग हललं. फेब्रुवारी 2025 मध्ये आंद्रेई कार्पथी या एआय संशोधकाने एक शब्द सोडला, 'व्हाइब कोडिंग': काय हवं ते एआयला साध्या भाषेत सांगायचं, आलेला कोड न वाचताच पुढे जायचं. आता कुठलाही प्रॉडक्ट मॅनेजर रविवारी दुपारी चालतं ॲप बनवून सोमवारी दाखवू शकतो. मला बरेच जण विचारतात, कोड लिहिणं इतकं स्वस्त झाल्यावर या वाटेला कशाला जायचं? किंवा उलट: एवढं सोपं झालंच आहे, तर लगेच जाऊ ना?

दोघांनाही मी पीटर नाउर या डॅनिश शास्त्रज्ञाकडे पाठवते. त्याने 1985 साली मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे लिहिलेला कोड नव्हेच. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज, हा खरा प्रोग्रॅम: कुठली गोष्ट अशी का आहे, बाहेरच्या जगातल्या कुठल्या गोष्टीला ती धरून आहे, उद्या जग बदललं तर कुठे हात घालायचा. ती समज असलेली माणसं निघून गेली की कोड चालत राहिला तरी प्रोग्रॅम मेला. रविवारचं ॲप म्हणजे माझ्या त्या गुरुवारचाच गोड तास आहे, फक्त आता तो घाऊक भावात मिळतो. चौदा जागांपैकी कुठल्या तीन जागी साडेपाच तास आधीच मिळवलेले आहेत आणि ते तसे का आहेत, हे कुणालातरी माहीत असावंच लागतं. आणि नाउरच्या या समजेचा एक मोठा तुकडा, बाहेरच्या जगाचा, प्रॉडक्ट मॅनेजरकडे आधीपासून असतो. पहाटे पाचला लोक दूध का वाढवतात, हे त्या टीममध्ये फक्त मला ठाऊक होतं. नऊ वर्षं वाया गेली नव्हती, एवढं बाबांना सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नाही. तांत्रिक कामात गेल्यावर 'का' हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आक्रसतो. समोर येणारी गोष्ट चुकीची आहे हे दिसत असतं, जुनी सवय जिभेवर येते, आणि गप्प बसावं लागतं, कारण ती खुर्ची आता दुसऱ्याची आहे. पहिल्या वर्षी मी दोनदा गप्प बसले नाही. एकदा मी बरोबर होते. दोन्ही वेळा नवी प्रॉडक्ट मॅनेजर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

आता आमचं बरं चालतं. परवा ती एक नवा रिपोर्ट घेऊन आली, सुट्ट्यांच्या दिवशी ताक किती खपतं त्याचा, आणि तिने तो प्रश्न विचारला जो मी नऊ वर्षं दुसऱ्यांना विचारत आले होते.

"किती दिवस लागतील गं?"

"यात तारखा आहेत का?"

"एकच रकाना आहे तारखेचा."

"मग दोन आठवडे धर," मी म्हटलं.